घात आणि द्विमान अंक: स्वतःची पूर्णांक-क्रमिका बांधायची, तपासायची आणि नोंदवायची कशी

१, २, २, ४, ३, ६, ६, ५, ६, ८, ९... पुढचं पद सांगा म्हटलं तर भलेभले अडतात. नियम मात्र एका ओळीचा आहे: ३ चे घात घ्यायचे, ते द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहायचे आणि त्यात १ हा अंक किती वेळा येतो ते मोजायचं. शाळेच्या गणितापलीकडचं इथे काहीच नाही, तरी या क्रमिकेबद्दलचे साधे वाटणारे प्रश्नही अजून सुटलेले नाहीत.

अशा क्रमिका बांधणं सोपं असतं. लोक अडकतात ते पुढे: शून्याचं काय करायचं, संगणकाने दिलेलं उत्तर खरं का, ही क्रमिका आधीच कुणी नोंदवली आहे का. याच क्रमाने जाऊ.

आधी काय हाताशी हवं

- वही-पेन्सिल. ही लागतेच, संगणक असला तरी.
- पायथॉनसारखी भाषा, जिच्यात पूर्णांक कितीही मोठा झाला तरी कापला जात नाही.
- हवं तर स्प्रेडशीट, पण फक्त सुरुवातीच्या पदांसाठी. कारण पाचव्या पायरीत येईल.
- ओईआयएस, म्हणजे ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सीक्वेन्सेस. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना क्रमिका जमवायला सुरुवात केली, त्या संग्रहाचं हे आजचं रूप. साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका तिथे आहेत, आणि प्रत्येकीला ए या अक्षराने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक आहे.

१. खुणा आणि व्याख्या पक्क्या करा

या लेखात न म्हणजे ०, १, २, ३... यांपैकी कोणतीही संख्या. एक(न) म्हणजे न द्विमानात लिहिल्यावर दिसणाऱ्या १ ची संख्या. १३ द्विमानात ११०१, म्हणून एक(१३) = ३. आणि ३^न म्हणजे ३ चा न-वा घात.

एक(न) ही स्वतःच ओईआयएसमधली ए०००१२० क्रमांकाची क्रमिका आहे: ०, १, १, २, १, २, २, ३, १...

आता तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. क्रमिका न = ० पासून सुरू होते की १ पासून? मोजायचे आहेत ते एक, की शून्यं? आणि शून्यं मोजायची असतील तर ० या संख्येत किती शून्यं धरायची? द्विमानात ० म्हणजे एकच अंक, ०. म्हणून सहसा १ धरतात. पण "सुरुवातीची निरर्थक शून्यं मोजायची नाहीत" हा नियम काटेकोर लावला तर काहीच उरत नाही आणि उत्तर ० येतं. दोन्ही चालतं. अर्ध्या वाटेत बदलणं तेवढं चालत नाही.

२. हाताने मोजायला शिका

द्विमान रूप पूर्ण लिहून काढायची गरज नाही. संख्या निम्मी करत जा, बाकी सोडून द्या आणि वाटेत विषम संख्या किती भेटल्या ते मोजा. शेवटचा १ धरायचा. ३^७ म्हणजे २१८७ घेऊ:

२१८७ (विषम), १०९३ (विषम), ५४६, २७३ (विषम), १३६, ६८, ३४, १७ (विषम), ८, ४, २, १ (विषम).

पाच विषम, म्हणून एक(२१८७) = ५. वर दिलेल्या क्रमिकेत न = ७ ला ५ च आहे. याच रीतीने ३^११ म्हणजे १७७१४७ करून पाहा. १३ यायला हवेत, आणि तेच पुढचं पद.

दुसरी युक्ती बेरजेची, आणि खरी समज तिच्यातून येते. तिप्पट करणं म्हणजे संख्येत तिचीच दुप्पट मिळवणं, आणि द्विमानात दुप्पट म्हणजे शेवटी एक शून्य. २७ वरून ८१ वर जाऊ:

०११०११ (२७)
११०११० (५४)
बेरीज: १०१०००१ (८१)

दोन्ही संख्यांत चार-चार एक, मिळून आठ. बेरजेत उरले तीन. पाच कुठे गेले? बेरीज करताना हातचा पाच वेळा येतो. प्रत्येक हातच्यामागे दोन एक जाऊन त्यांच्या जागी पुढच्या घरात एकच जातो, म्हणजे एकूण संख्या एकाने घटते. नियम असा:

एक(अ + ब) = एक(अ) + एक(ब) − हातच्यांची संख्या

या विषयातला बहुतेक गोंधळ हातच्यांचाच असतो. हातचे नसतील तर क्रमिका शहाण्यासारखी वागते. ते आले की वाऱ्यावर.

३. घात कुठे बसवायचा ते ठरवा

नवीन माणूस इथे बहुधा थांबतच नाही, आणि थांबायला हवं ते इथेच. घात आणि एक(न) जोडायच्या मुख्य रीती तीन आहेत, आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे.

*रीत पहिली: मोजणी घातांकात.* २^एक(न) घ्या: १, २, २, ४, २, ४, ४, ८... ही ए००१३१६, गूल्डची क्रमिका. हिचा अर्थ फार सुंदर आहे. पास्कलच्या त्रिकोणाच्या न-व्या ओळीत विषम संख्या किती, याचं हे उत्तर (ओळी शून्यापासून मोजायच्या). सहावी ओळ १, ६, १५, २०, १५, ६, १. विषम चार. ६ म्हणजे ११०, त्यात दोन एक, २^२ = ४. जमलं.

पाया ३ केला की ३^एक(न): १, ३, ३, ९, ३, ९, ९, २७... हीसुद्धा हवेतली नाही. चौकटींच्या अमर्याद जाळीवर एक चौकट पेटवा. मग दर फेरीला, ज्या विझलेल्या चौकटीच्या चार शेजाऱ्यांपैकी नेमका एक पेटलेला आहे ती पेटवायची. पेटलेली विझत नाही. नव्याने पेटणाऱ्या चौकटी अशा येतात: १, ४, ४, १२, ४, १२, १२, ३६... पहिली सोडली तर न-व्या फेरीत ४ × ३^(एक(न−१) − १). हे उलाम-वॉरबर्टन स्वयंचल, म्हणजे ठरलेल्या नियमाने आपोआप वाढणारी जाळी, ओईआयएसमध्ये ए१४७५८२. चौकटीची वही असेल तर चार-पाच फेऱ्या रंगवून पाहा, सूत्र पाठ करावं लागणार नाही.

पाया −१ घेतला तर (−१)^एक(न) म्हणजे १, −१, −१, १, −१, १, १, −१... एक(न) सम की विषम एवढंच सांगणाऱ्या थ्यू-मोर्स क्रमिकेचा हा चिन्हांतला अवतार.

*रीत दुसरी: घात मोजणीच्या आत.* एक(३^न). ओईआयएसमध्ये ए०११७५४. २^न घेतलं तर प्रत्येक पद १, काही मजा नाही. ३ घेतलं की हातचे सुरू होतात. ३^न मध्ये साधारण १.५८५ × न इतके द्विमान अंक असतात. त्यातले निम्मे एक असावेत अशी अपेक्षा धरली तर पद सुमारे ०.७९ × न यायला हवं. आकडे तसेच येताना दिसतात, सिद्धता मात्र नाही. पदं शेवटी कोणत्याही मर्यादेपलीकडे जातात, एवढं सेंगे आणि स्ट्राउस यांच्या १९७३ च्या कामातून मिळतं. १९८० मध्ये स्ट्युअर्ट यांनी ती किमान किती वेगाने वाढतात याची एक मर्यादा दिली. ती ०.७९ × न च्या कितीतरी खाली आहे.

एक तुकडा तुम्ही स्वतः सिद्ध करू शकता. या क्रमिकेत २ हे पद नेमकं दोनदा येतं, न = १ आणि न = २ ला. ३^न विषम आहे, त्यामुळे त्यात दोनच एक असतील तर ३^न = २^म + १. म = १ असेल तर ३. म त्याहून मोठा असेल तर ३^न ला ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणून न सम, समजा २क. मग २^म = (३^क − १)(३^क + १). दोन्ही अवयव २ चेच घात आणि त्यांच्यात फरक २ चा, म्हणजे ते २ आणि ४ च. म्हणून ९, आणि संपलं. चौदाव्या शतकात गेर्सोनिडीस या गणितज्ञांनी २ आणि ३ च्या घातांमध्ये १ चा फरक कुठे पडतो हा प्रश्न सोडवला होता, त्याचाच हा भाग.

*रीत तिसरी: न चाच घात, मग मोजणी.* एक(न^२): ०, १, १, २, १, ३, २, ३, १, ३, ३, ५... म्हणजे ए१५९९१८. इथे शिस्त आणि बेशिस्त एकत्र नांदतात. न = २^क − १ असेल तर वर्गात नेमके क एक असतात; ७ चा वर्ग ४९ = ११०००१, तीन. पण २३ पाहा: १०१११, चार एक; वर्ग ५२९ = १००००१०००१, तीनच. वर्ग केल्यावर एक कमी होतात असं पहिलं उदाहरण हेच. २००२ मध्ये सालाय यांनी सिद्ध केलं की ज्यांच्या वर्गात नेमके तीन एक असतात अशा विषम संख्या म्हणजे ७, २३ आणि २^क + १ या रूपातल्या (क किमान २). बस, आणखी कुणी नाही.

यांखेरीज न^एक(न) सारखे प्रकार दिसतात: न = १ पासून १, २, ९, ४, २५, ३६, ३४३, ८... सराव म्हणून ठीक. माझं मत विचाराल तर ही क्रमिका कशाचीच मोजदाद करत नाही, नुसती दोन यंत्रं एकमेकांना जोडलेली आहेत. स्वतःची क्रमिका निवडताना "ही नेमकं काय मोजते?" हा प्रश्न विचारा. उत्तर मिळालं तर पुढे जाण्यात अर्थ आहे.

४. आवर्ती सूत्र शोधा

आवर्ती सूत्र म्हणजे आधीच्या पदांवरून पुढचं पद देणारं सूत्र. मूळ ओळी दोनच: एक(२न) = एक(न) आणि एक(२न + १) = एक(न) + १.

पहिल्या रीतीच्या क्रमिकांना त्या लगेच लागू पडतात. २^एक(न) साठी सम जागेवर तेच पद, विषम जागेवर दुप्पट. हाताने लिहायला याहून सोपी रीत: १ लिहा, आतापर्यंतचं सगळं दुप्पट करून पुढे जोडा, १, २, पुन्हा, १, २, २, ४, पुन्हा, १, २, २, ४, २, ४, ४, ८. पाया ३ असेल तर तिप्पट करून जोडायचं.

तिसऱ्या रीतीत सम पदं सरळ येतात, एक((२न)^२) = एक(न^२). विषमाला (२न + १)^२ = ४न(न + १) + १, म्हणून पद होतं एक(न(न + १)) + १. म्हणजे न^२ विचारायला गेलो आणि न^२ + न समोर आलं. सूत्र मूळ क्रमिकेत परत येत नाही. दुसऱ्या रीतीत तर असं काही हातीच लागत नाही.

५. संगणकावर काढताना

पायथॉन ३.१० पासून पूर्णांकाला बिट-काउंट ही सोय आहे, ती थेट एक(न) देते. जुन्या आवृत्तीत बिन वापरून द्विमान मजकूर घ्यायचा आणि त्यात १ मोजायचे. आता सापळे, महत्त्वाच्या क्रमाने.

मोठ्या संख्या गुपचूप चुकतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच संख्या नीट दाखवतं, आणि ३^३२ मध्ये १६ अंक आहेत. दशांश-प्रकाराच्या, म्हणजे फ्लोटिंग पॉइंट संख्यांत २^५३ च्या पुढची विषम संख्या साठवताच येत नाही, आणि ३ चा प्रत्येक घात विषम. म्हणून ३^३४ पासून तिथला प्रत्येक आकडा खोटा. ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ३^४० बसतो, ३^४१ बसत नाही. यातल्या बहुतेक ठिकाणी कसलाही इशारा मिळत नाही. उत्तर दिसायला अगदी खरं दिसतं, एवढाच त्रास आहे.

घाताची खूण. या लेखात आणि एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात. पायथॉनमध्ये तीच खूण बिटांची, म्हणजे द्विमान अंकांची, एक्सऑर क्रिया करते (दोन अंक वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ०), आणि तिथे ३^२ चं उत्तर १ येतं. पायथॉनमध्ये घातासाठी दोन गुणाकार-तारे लागतात.

उणे एकचा घात. −१ कंसात घाला. कंस नसेल तर पायथॉन −१ चा वर्ग −१ देतं आणि एक्सेल १ देतं.

शून्यं मोजताना पायथॉनचा बिन मजकूर "शून्य-बी" या जोडीने सुरू होतो. ते शून्यही मोजलं जातं आणि प्रत्येक पद एकाने फुगतं. १ मोजताना हा त्रास नाही, म्हणून पहिल्या क्रमिकेत लक्षात येत नाही आणि दुसरीत फसगत होते.

एक्सेलचं डेक-टू-बिन हे फंक्शन ५११ पर्यंतच चालतं. ०^० ला एक्सेल त्रुटी दाखवतं, पायथॉन १ देतं. न^एक(न) ची सुरुवात न = ० पासून करणाऱ्याला पहिल्याच पदाशी हे भेटेल.

६. पडताळा घ्या

पहिली दहा-बारा पदं हाताने काढून संगणकाशी जुळवा. त्यानंतर बेरजेची चाचणी. न = ० पासून २^क − १ पर्यंत:

- एक(न) ची बेरीज क × २^(क−१). क = ३ ला १२.
- २^एक(न) ची बेरीज ३^क. १ + २ + २ + ४ + २ + ४ + ४ + ८ = २७.
- पाया प असेल तर बेरीज (प + १)^क. पाया −१ असेल तर शून्य, क किमान १ असताना.

क = १० घेऊन १०२४ पदांची बेरीज ५९०४९ आली की गूल्डच्या क्रमिकेपुरतं निवांत व्हा. लजांद्र यांचं सूत्रही चाचणी म्हणून कामाला येतं: न च्या क्रमगुणिताला (१ ते न यांच्या गुणाकाराला) २ ने नेमकं किती वेळा भाग जातो, तर न − एक(न) वेळा. १० चं क्रमगुणित ३६२८८००, १० − २ = ८, २५६ ने भागलं की १४१७५, विषम. न − एक(न) ही क्रमिका म्हणजे ए०११३७१.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रीतीला अशी नेमकी बेरीज नाही. तिथे दोन वेगळ्या पद्धतींनी काढा, एकदा द्विमान मजकुरातून आणि एकदा निम्मं करत, आणि शेकडो पदं जुळतात का पाहा.

७. आधी कुणी नोंदवली आहे का, ते शोधा

ओईआयएसच्या शोधचौकटीत पदं स्वल्पविरामाने लिहा. पहिलं-दुसरं पद गाळा, कारण सुरुवात ० पासून की १ पासून याबद्दल मतभेद असू शकतात. एरवी सहा-सात पदं पुरतात, पण इथे जपून. एक(न) आणि एक(न^२) ही दोन्ही ०, १, १, २, १ अशी सुरू होतात आणि न = ५ ला वेगळी होतात. लहान आकड्यांच्या क्रमिकांत असं नेहमी घडतं. म्हणून दहा-पंधरा पदांनी शोधलेलं बरं.

काही सापडलं नाही तर लगेच हुरळून जाऊ नका. प्रत्येक पदातून १ वजा करून, २ ने भागून, फक्त विषम जागांची पदं घेऊन, किंवा ० ते न पर्यंत बेरीज करत जाऊन पुन्हा शोधा. आणि सापडली तर तिच्या पानावरच्या टिपा सावकाश वाचा. पास्कलच्या त्रिकोणाशी असलेलं नातं बहुतेकांना असंच कळतं.

८. नोंदवायचीच असेल तर

खऱ्या नावाने खातं उघडावं लागतं. मग मसुदा भरायचा आणि स्वयंसेवी संपादक तो तपासतात. तयार ठेवायच्या गोष्टी:

- एका वाक्यातली काटेकोर व्याख्या, इंग्रजीत. स्वतःचं नाव क्रमिकेला देऊ नका. ते काढलं जातं.
- पदं, सुमारे २६० अक्षरांत बसतील इतकी.
- पहिल्या पदाचा न किती, हा आकडा. सर्वांत जास्त चुका यात होतात.
- पदं काढणारा छोटा प्रोग्राम आणि एक-दोन सोडवलेली उदाहरणं.
- बेस हा शब्दसंकेत. एखाद्या पायातल्या अंकांवर आधारलेल्या प्रत्येक क्रमिकेला तो लावतात.

संपादक प्रश्न विचारतात, कधी एका शब्दावरून. त्यात वैयक्तिक काही नसतं. "ही इतरांना रस वाटेल अशी का?" असा प्रश्न आला तर तिसऱ्या पायरीतलं तुमचं उत्तर इथे उपयोगी पडेल. न^एक(न + १) + ७ सारखं काही पाठवलं असेल तर मसुदा मागे घेणं बरं, आणि मोकळ्या झालेल्या वेळात एक(५^न) ची पदं काढून ओईआयएसमध्ये शोधा: १, २, ३, ६, ५...